त्या दिवशी दोन शिंपी निघाले

तीर्थरूप मामांना,

सहा अंगांनी नमस्कार. साष्टांगातली उरलेली दोन अंगं, म्हणजे मान आणि उजवा खांदा, ऑफिसच्या खुर्चीने स्वतःकडे ठेवून घेतली आहेत. सुटली की मागाहून पाठवते. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचीही पद्धत आहे, पण तुम्ही फोनची वायर उपटून ठेवलीत, दाराची बेल काढून ठेवलीत (खालच्या मजल्यावरचे सांगतात की स्वतः स्टुलावर चढून, स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून), तेव्हा हातपाय चालत असावेत असं मी धरून चालते. मनाचं विचारत नाही. माझंच मला माहीत आहे.

मागच्या वेळी आले तेव्हा बंद दाराआडून तुम्ही एवढंच म्हणालात, "काय असेल ते लिहून कळव." कंपनीतही तुमचं हेच होतं म्हणे. तोंडी तक्रार तुम्ही जन्मात घेतली नाहीत. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे याच क्रमाने कागदावर उतरवून आणा, मग बोलू. जुनी माणसं अजून सांगतात की एकदा भट्टीच्या वायरिंगने खरोखर पेट घेतला आणि ओरडत आलेल्या माणसाला तुम्ही आधी कागद आणायला पाठवलंत. तर घ्या, ही लेखी तक्रार. शिवाय तुम्ही कुठलाही कागद शेवटापासून वाचता हे मला मामीने सांगून ठेवलंय (ती म्हणायची, यांनी स्वतःची लग्नपत्रिका वाचतानाही आधी छापखान्याचं नाव वाचलं, मग नवरीचं), म्हणून खरं काम मी ताज्या कलमात घातलं आहे. पण न जाणो, दुःखाने माणूस बदलतो, या वेळी सुरुवातीपासून वाचत असाल तर एवढं इथेच सांगून टाकते: मामीचा डबा घेऊन रविवारी धरणावर जाऊ नका. खालच्या मजल्यावरच्यांना तुम्ही बसची वेळ विचारलीत असं कळलं, म्हणून हा खटाटोप. पुढे लिहिलेलं पटलं नाही तर सोमवारी जा. धरण कुठे पळून जात नाही.

आता, काय केलं. तुम्ही निवृत्त झाल्यापासून तुमच्या कोडला कोणी बोट लावलं नव्हतं. आदराने नव्हे, धास्तीने. आपल्या भट्ट्या तुम्हाला पाठ आहेत: पावाच्या, मातीच्या भांड्यांच्या, आणि ती तिसरी, जी माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. पाव करपला की बेकरीवाला फोनवर आमच्या सात पिढ्या काढतो. तिसऱ्या भट्टीतलं गिऱ्हाईक कधीच फोन करत नाही, म्हणून साहेब तिला 'शांत बाजारपेठ' म्हणतात. (साहेब म्हणजे तुमच्या वेळच्या साहेबांचा मुलगा. वडिलांचा आवाज आलाय, बाकीचं अजून यायचंय.) तर हे साहेब एका परिषदेला गेले. लोक परिषदेहून पेन आणतात, कापडी पिशवी आणतात. हे कोड लिहायची नवी भाषा घेऊन आले. म्हणाले, सीचा जमाना गेला, आता सगळं हिच्यात.

भाषा वाईट नाही हो. मला तर आवडली. हिच्यात मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. दुसऱ्याला ती उसनी देता येते, पण काम झालं की परत यायला हवी, आणि मालकाचं काम संपलं की ती जागा त्याच क्षणी मोकळी केली जाते. हिचा कोड तपासणारा कंपायलर म्हणजे वाचनालयातली ती बाई, जी पुस्तक परत येईपर्यंत दारातून हलत नाही. सुरुवातीला मला तिने रडवलं. उलट तुमचं सी! तिथे कोणी कोणाची वस्तू कुठेही ठेवावी, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. तर तुमचा सगळा कोड नव्या भाषेत पुन्हा लिहायचा विषय निघाला, तेव्हा बैठकीतल्या प्रत्येकाला एकदम बाहेरची कामं आठवली. शेवटी असं ठरलं की मामांचा सी आहे तसा आत ठेवायचा, त्याच्याभोवती नव्या भाषेचं घर बांधायचं, घरातून हाक मारली की आतला म्हातारा उत्तर देईल. (म्हातारा हा शब्द साहेबांचा. मी कोडबद्दल घेतला.) हाका मारायचं काम माझ्याकडे आलं, का, तर मी भाची. आमच्याकडे नातं बघून काम वाटतात.

नव्या भाषेतून सीला हाक मारायची तर त्या ओळींभोवती कंस घालून 'असुरक्षित' असं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. तिथून पुढे कंपायलर तोंड फिरवून बसतो. बाहेर एका विसरलेल्या अर्धविरामासाठी माझा जीव खाणारा हा प्राणी, त्या कंसांच्या आत मी भट्टी उलटी चालवली तरी हूं की चूं करत नाही. मी साहेबांना विचारलं, याचा अर्थ नेमका काय होतो. ते म्हणाले, याचा अर्थ आपला तुमच्या मामांवर विश्वास आहे. वाक्य मला इतकं भावलं की मी तशी जागोजाग 'असुरक्षित' लिहीत गेले.

आता काय व्हायला हवं होतं. तिसऱ्या भट्टीच्या खिडकीवरची बाई गेलेल्या माणसाचं नाव टाइप करते. नवी भाषा ते घेऊन तुमच्या कोडमधल्या चिठ्ठी छापणाऱ्या फंक्शनला देते. भट्टी चालते, थांबते, राख निवते. मग तुमचं फंक्शन नावाची चिठ्ठी छापतं आणि भट्टीवाला ती डब्यावर चिकटवतो. (तो चिकटवताना नाव वाचत नाही. वाचलं की झोप लागत नाही म्हणतो. त्याला मी दोष देत नाही, मीही त्या स्क्रीनकडे डोळे बारीक करूनच बघते.) एवढं साधं काम. मी चाचणीत साहेबांचं नाव घालून त्यांना दिवसभर जाळलं, दरवेळी चिठ्ठी बरोबर आली. सगळे खूश झाले. साहेबही झाले, कारण त्यांना कोणाच्या नावाने चाचणी चाललीय ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि काय झालं. मामा, तुमचं फंक्शन नाव लिहून ठेवत नाही. ते नाव कुठे बसलंय तेवढंच लक्षात ठेवतं. डॉक्टरच्या दारातला माणूस पेशंटला चेहऱ्याने न ओळखता "तिसऱ्या खुर्चीतले" म्हणून ओळखतो, तसं. तुमच्या वेळी ते बरोबरच होतं. प्रत्येक भट्टीची खुर्ची ठरलेली, चिठ्ठी छापून होईपर्यंत तिथून कोणी उठायचं नाही, आणि दुसरं कोणी बसायचं नाही. मेमरी इवलीशी, प्रत काढून ठेवायला जागा कुठे होती? पण नवी भाषा शिस्तीची. तुमच्या फंक्शनला नाव दाखवून झालं, हाक संपली, म्हणजे काम संपलं असं समजून तिने नावाला उठवलं आणि खुर्ची रिकामी धरली. रिकाम्या खुर्चीत जुन्या नावाचा ठसा तसाच असतो, म्हणून एकटादुकटा असला तर चिठ्ठी बरोबर यायची. पण आतलं माणूस जळत असताना खिडकीवरच्या बाईने पुढचं नाव टाइप केलं, आणि ते साधारण तेवढ्याच लांबीचं असलं, की ते नेमकं त्याच खुर्चीत येऊन बसायचं. मग आतून तुमचं फंक्शन हाक मारणार: तिसऱ्या खुर्चीतले! आणि पहिल्याच्या डब्यावर दुसऱ्याचं नाव.

हे उघडकीला आलं ते एका घरी आजोबांच्या डब्यावर कुठल्याशा बाईचं नाव गेलं तेव्हा. आजोबांची थोरली सून म्हणे आधी डब्याकडे आणि मग सासूकडे बघायला लागली. त्यानंतर आमच्याकडे बैठका झाल्या. साहेब म्हणाले चूक सीची, म्हणजे तुमची. मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, माणसाने ठेवलेली वस्तू जागेवर राहील असं धरून चालणं हा काही गुन्हा नाही. मग साहेब मला म्हणाले, तर चूक तुमची. माझी बाजू घ्यायला मी आजूबाजूला पाहिलं, तर पुन्हा सगळ्यांना बाहेरची कामं आठवली होती. खरं सांगायचं तर दोघांनीही आपापल्या रीतीला धरूनच केलं. तुम्हाला वाटलं, देणारा नाव जागेवर ठेवील. मला वाटलं, घेणारा स्वतःपाशी लिहून घेईल. मध्ये कंपायलर बसला असता तर त्याने विचारलं असतं, पण तिथे मीच कंस घालून त्याला गप्प केलं होतं. दुरुस्ती एका ओळीची निघाली: नावाची प्रत काढायची, ती तुमच्या फंक्शनच्या हवाली करायची, आणि चिठ्ठी छापून होईपर्यंत परत मागायची नाही. ही ओळ लिहून झाल्यावर मला एकदम आठवलं की मामीला नेलं तेव्हा नवा कोड बसून झाला होता.

मी बसते ती जागा तुम्ही पाहिलेली नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि त्या भिंतीवर एसीच्या पाण्याचा ओघळ. त्या ओघळाकडे बघत मी किती वेळ बसले कोणास ठाऊक. मग उठले आणि भट्टीवर गेले.

भट्टीवाला मागच्या पत्र्याच्या खोलीत दुपारचा चहा घेत होता. गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. मी आडून आडून विचारलं, आमच्या मामीच्या दिवशी काही वेगळं झालं होतं का. तो म्हणाला, "नाही हो ताई, सगळं व्यवस्थित झालं. फक्त त्या दिवशी शिंपी दोन निघाले."

झालं होतं असं. मामीच्या मागोमाग गावातले एक म्हातारे शिंपी होते. मामी आत असतानाच बाईने शिंप्यांचं नाव टाइप केलं. सकाळी फळीवर दोन डबे, दोन्हींवर शिंपी, आणि मामी कुठेच नाही. भट्टीवाल्याला वाटलं प्रिंटर अडकला असेल. आदला डबा कुठला हे कळायला मार्ग नव्हता, कारण फळी पुसणाऱ्याने दोन्ही खाली उतरवून पुन्हा वर मांडले होते. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. तुम्हाला ताटकळत ठेवायचं त्याच्या जिवावर आलं. तेव्हा त्याने एक चिठ्ठी खरवडून काढली, कोरी लावली आणि तिच्यावर बॉलपेनने मामीचं नाव लिहिलं. मी विचारलं, पण दोघांतली मामी कुठली हे कसं कळलं? तो म्हणाला, "उचलून बघितलं ना. शिंपीबुवा केवढे जाड, चार माणसांनी कण्हत कण्हत ठेवले. तुमच्या मामी अगदी पिसासारख्या. म्हणून हलका डबा मामींचा." आणि मोठ्या समाधानाने त्याने चहाचा घोट घेतला.

मामा, ते समाधान मला घेता आलं नाही. कारण तुमचाच कोड मला तोंडपाठ आहे. डबा केवढा लागेल हे काढणारं तुमचं जे फंक्शन आहे, ते फक्त उंची घेतं. वजन विचारतसुद्धा नाही. चरबीचं काही उरत नाही, उरतात ती हाडं, हे तुम्ही केव्हाच हिशोबात धरलेलं आहे. आपली मामी स्टूल न घेता बल्ब बदलायची. शिंपी तर, त्यांच्या दुकानात मी लहानपणी फ्रॉक शिवून घेतलेत म्हणून सांगते, इतके बुटके की कापायचं टेबल त्यांच्या छातीला लागायचं. म्हणजे जड डबा मामीचा. म्हणजे आपल्याकडे आलाय तो हलका. तो मीच तुमच्या हातातून घेऊन जिना चढले होते, आणि चिठ्ठीवरचं बॉलपेनचं अक्षर बघून मला उलट बरं वाटलं होतं, की छापील नाही, कोणीतरी बसून हाताने लिहिलंय.

तर थोडक्यात तक्रार अशी की तुमच्या पुस्तकांच्या कपाटावर शिंपी आहेत. खालच्या मजल्यावरचे म्हणतात की रोज सकाळी तुम्ही मोठ्याने पेपर वाचून दाखवता, अगदी शब्दकोड्यासकट, आणि उत्तरासाठी थांबता. तेव्हा इतके दिवस ती कोडी एका परक्या गृहस्थाच्या गळ्यात पडत आहेत. मला हसू येतंय असं समजू नका. आई गेल्यावर मामीने मला आपल्या घरी आणलं, माझ्या वेण्या घातल्या, मला नोकरी लागली तेव्हा माझ्याआधी ती रडली. आणि तिच्या नावाच्या खुर्चीत मी दुसऱ्याला बसवलं. ऑफिसच्या स्वच्छतागृहात नळ सोडून मी रडून घेतलं. नळ असा, की बंद करायला पाना लागतो, त्यामुळे प्लंबर येईपर्यंत रडण्याचा आवाज कोणाला आला नाही.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या थोरांना नमस्कार सांगायचा असतो, तर तुम्हाला आणि शिंपीबुवांना सांगते. ते वयाने तुमच्याहून मोठे आहेत.

तुमची,
भाची

ता. क. काम असं आहे की कपाटावरचा डबा उघडू नका, हलवू नका, एका स्वच्छ पिशवीत ठेवून द्या. उद्या मी शिंप्यांच्या घरी जाते, त्यांना नीट समजावून सांगते आणि आपला डबा आणते. अदलाबदल झाली की मामीला घेऊन आपण दोघं धरणावर जाऊ. तिला तिथेच पोहायला शिकवलंत ना तुम्ही, तिचे केस पांढरे झाल्यावर? मला सगळं ठाऊक आहे.

आणखी ता. क. वरचं रद्द समजा. शिंप्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग उठून मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे नळाजवळ घेवड्याचा वेल आहे. शिंपी रोज संध्याकाळी त्याला पाणी घालायचे, म्हणून बाईंनी डबा केव्हाच त्याच्या बुंध्याशी रिकामा केला. वर माती ओढली. तेव्हा मामा, मामी परत मिळणार नाही. मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले. शिंपीणबाई वेलाकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या मामी उंच होत्या का हो?" मी म्हटलं, हो, खूप. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. हा मेला कधी माझ्या कमरेच्या वर गेला नव्हता. यंदा बघा." मी वर पाहिलं. वेल पन्हाळीपर्यंत जाऊन पत्र्यावर चढला होता.

शेवटचं ता. क. (हे तुम्ही पहिलं वाचाल.) बॉलपेन खालच्या मजल्यावरच्यांचं आहे, म्हणून शाई वेगळी. मी तुमच्या दाराबाहेर जिन्यात बसले आहे. शेजारी शिंपीणबाई आहेत. यांचे गुडघे पार गेलेत, तरी दर पायरीला थांबत वर आल्या. त्या शिंप्यांना न्यायला आल्या आहेत. मला सारखं विचारतात, ते तिथे कोणाला त्रास तर देत नाहीत ना. मी सांगितलं, रोज पेपर ऐकतात. तर म्हणाल्या, त्यांना वाचता येत नव्हतं, मग बरं झालं. त्यांच्या मांडीवर पिशवी आहे, पिशवीत त्या वेलाच्या शेंगा आहेत, तुमच्यासाठी. त्या शेंगांचं काय करायचं हे मला कळत नाही आणि मी एकटीने ठरवणार नाही. बेल नाही, म्हणून कागद दाराखालून सरकवते. बाकीचा नंतर वाचा. दार उघडा.